दुपारी बारा ते चार काम बंद: नागपुरात जमते का?

गच्चीवाला (धागाकर्ता) | २ एप्रिल, पहाटे ५:५०

नमस्कार मंडळी. गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करतो, चुना मारून देतो. हाताखाली नऊ-दहा माणसं. आमचा सीझन मार्च ते अर्धा जून. शहाणा माणूस गच्चीवर पापडसुद्धा संध्याकाळीच काढायला जातो, नेमके तेच दिवस. पावसाच्या आत गच्ची झाली पाहिजे, आणि गच्चीवर सावली कुठून आणणार?

मागच्या मे महिन्यात मानेवाड्याकडच्या एका साइटवर आमचा एक पोरगा पडला. आधी नुसतं डोकं दुखतं म्हणाला. मग काहीबाही बोलायला लागला, मला दुसऱ्याच नावानं हाक मारली. अंगाला हात लावला तर तवा. टाकीतलं पाणी ओतलं, ओली चादर गुंडाळली, खालच्या काकूंनी टेबलफॅन दिला, मग ऑटोत घालून दवाखाना. वाचला. पण त्या दिवशी पारा ४२ होता. त्याच्या आदल्या आठवड्यात ४५ झालं तेव्हा कोणालाच काही झालं नव्हतं. हे काही डोक्यातून जाईना.

पोरगा बालाघाटकडचा. आधी गोदामात हमाली करायचा, म्हणजे डोक्यावर छप्पर. आमच्याकडे त्याचा तिसरा दिवस होता. मग वाचत गेलो. अमेरिकेचं कामगार-सुरक्षा खातं सांगतं की उघड्यावर काम करताना उष्णतेनं जे मरतात, त्यातले निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत लोक कामाच्या पहिल्या काही दिवसांतच जातात. शरीराला ऊन शिकायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर फुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं. त्यांचा नियम आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवशी २० टक्के काम द्या आणि रोज २० टक्के वाढवा. आम्ही काय करतो? नवा आला की त्याला सगळ्यात जड काम देतो, ‘पाहू टिकतो का’ म्हणून.

या वर्षी दोन गोष्टी करायच्या म्हणतो. नव्या माणसाला पहिला आठवडा अर्धं काम, रोजी पूर्ण. आणि सगळ्यांना दुपारी बारा ते चार सुट्टी, त्याऐवजी सकाळी साडेपाच ते साडेअकरा आणि संध्याकाळी साडेचार ते सात. मेहुणा हिशेब पाहतो, तो म्हणतो धंदा बुडवशील. तुम्ही सांगा.

---

तर्रीपोहे | २ एप्रिल, सकाळी ८:१५

काय नवीन सांगून राहिले राजेहो! आमच्या आजोबाचं इतवारीत दुकान होतं. मे महिन्यात बारा वाजले की शटर अर्धं खाली, आत जमिनीवर पाणी शिंपडून ओली सतरंजी, त्याच्यावर आजोबा. गिऱ्हाईक आलं तर ते बी तिथंच झोपे. चार वाजता माठातलं पाणी अन् मग धंदा. आता एसी आला तर दुपार बी कामाची झाली. इंग्रजाच्या टायमाले साहेब लोक उन्हाळ्यात पचमढीले पळत होते अन् कारकून इथं कुजत होते. तेच चालू आहे, फक्त पचमढी आता हॉलमधे आली, दीड टनाची.

---

हिंगणा_शिफ्ट | २ एप्रिल, सकाळी ९:०२

तुमची कल्पना चांगली, पण ती उघड्यावरच्या माणसाची झाली. आमचं शेड पत्र्याचं, आत भट्टी. तिथं बाराचे चार करा की चाराचे आठ करा, सारखंच. पत्रा रात्री नऊपर्यंत तापलेला राहतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १३ होतं, कामाच्या जागी ‘वाजवी आराम’ वाटेल असं तापमान ठेवा म्हणून. वाजवी म्हणजे किती, हे कलमात नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ठरवणारे केबिनमध्ये बसतात.

दुसरी गोष्ट झोपेची. दुसरी पाळी संपवून मी रात्री साडेबाराला घरी येतो. स्लॅब दिवसभराचं ऊन रात्रभर सोडत राहतो. तीन वाजता डोळा लागतो. दुसऱ्या दिवशी मशीनसमोर पेंगतो. पेपरात दिवसाचा आकडा पहिल्या पानावर आणि रात्रीचा आकडा आत कुठंतरी. माझा दिवस रात्रीच्या आकड्यावर ठरतो.

---

थर्मामीटर | २ एप्रिल, सकाळी ११:४०

निवृत्त आहे, भौतिकशास्त्र शिकवत होतो. सवयीनं थोडं लांबेल.

आपल्याकडचा अधिकृत विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. हे तापमान सोनेगावच्या वेधशाळेत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर मोजलेलं. गच्चीवाल्यांची माणसं त्या पेटीत काम करत नाहीत. ३० मे २०२४ ला आपल्याकडच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं होतं, आठवतं? दोन तास सगळ्या देशात नागपूर नागपूर झालं. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. गंमत अशी की बातमी ऐकून कोणीही ‘हे शक्य नाही’ म्हणालं नाही.

मुद्दा असा. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. जड काम करणारा माणूस साधारण ४०० ते ५०० वॅट उष्णता तयार करतो, निवांत बसलेला १००. म्हणजे नुसती स्वतःची उष्णता फेकायला कामकऱ्याला तासाला पाऊण लिटरपर्यंत घाम वाळवावा लागतो. वर हवा त्वचेपेक्षा गरम, ती उलट तापवते, उन्हाचं वेगळंच. त्यामुळे काम आणि आराम यांचं गणित बदललं की सगळं बदलतं. ४४ अंशांत सावलीत बसलेला माणूस आणि ४० अंशांत सिमेंटची पोती वाहणारा माणूस यांत धोका दुसऱ्याला जास्त. तुमचा पोरगा ४२ ला पडला यात मला नवल वाटत नाही.

कतारनं २०२१ मध्ये नियम केला की १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. शिवाय ऊन, वारा, दमटपणा एकत्र मोजणारा एक निर्देशांक आहे, तो ३२.१ च्या वर गेला तर घड्याळात काहीही वाजलेलं असो, काम बंद. घड्याळापेक्षा हा दुसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो.

---

मानेवाड्याची_मी | २ एप्रिल, दुपारी २:२५

हे सगळं वाचून एकच विचारते. तुमची माणसं साडेअकराला सुटून घरी येणार, चारला परत जाणार. साडेपाचला कामावर हजर म्हणजे डबा साडेचारला तयार. तो डबा कोण करणार? साडेअकराला आला की गरम जेवण कोण देणार? सातला सुटला की पुन्हा स्वयंपाक. माणसाला चार तास आराम मिळाला आणि घरातल्या बाईचा गॅस तीनदा पेटला. तोही पत्र्याखाली, दुपारी, पंखा बंद करून, कारण पंख्यानं गॅस विझतो.

आमच्या वस्तीत बहुतेक घरं पत्र्याची. दुपारी बायका दारात किंवा कडुलिंबाखाली बसतात, आत कोणी नसतं. आता तिथं नवरे येऊन झोपले तर आम्ही कुठं जायचं? भांडायला नाही लिहिलं. उन्हात काम करणारा म्हणजे फक्त बाहेरचा माणूस, असं धरून चालू नका, एवढंच.

---

गच्चीवाला | २ एप्रिल, संध्याकाळी ७:४५

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगतो. आमच्या घरी विचारलं तर बायको म्हणाली, ‘मग मी तेच तर सांगते दहा वर्षांपासून.’

---

पुण्यातला_नागपूरकर | २ एप्रिल, रात्री ९:३०

सध्या इकडे हवा छान आहे. मला वाटतं सगळ्यांनी टप्प्याटप्प्यानं एसीकडे वळणं हाच उपाय. सोलर लावा, वीज फुकट.

तर्रीपोहे | २ एप्रिल, रात्री ९:३४

भाऊ, गच्चीवर एसी कुठं लावू, सांग ना बे.

झोमॅटिक | २ एप्रिल, रात्री ११:५८

😂😂

मी गाडीवर डिलिव्हरी करतो. बारा ते चार बंद म्हणता, आमचा तोच तर धंदा आहे. लोक ऊन आहे म्हणून बाहेर पडत नाहीत, म्हणून ऑर्डर जास्त. ४५ अंशांत ताक मागवतात आणि मी ते पोचवतो. ऑर्डरमागे पैसे, बसलं तर शून्य. आम्हाला बंदी केली तर आम्हीच तिच्याविरुद्ध उभे राहू. बंदी नको, दुपारच्या ऑर्डरला जास्त पैसे द्या आणि मध्ये मध्ये सावलीत थांबायला जागा द्या. दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, चौकात हिरव्या जाळ्या लावतात, त्याचा खरंच फायदा होतो. व्हरायटी चौकात दीड मिनिट उन्हात उभं राहणं काय असतं ते हेल्मेट घालून पाहा.

---

कापूसवाला | ३ एप्रिल, सकाळी १०:१०

झोमॅटिकच्या मुद्द्यावर. बसलेल्या वेळेचे पैसे कोणी द्यायचे, हा खरा प्रश्न. गुजरातेत ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेनं २०२३ मध्ये २१,००० महिलांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. आजारी पडल्याचा दाखला नको, दवाखान्याचं बिल नको. ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या आकड्याच्या वर पारा गेला की पैसे थेट खात्यात. पुढच्या वर्षी तो राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या काही महिलांपर्यंतही आला. रक्कम मोठी नव्हती, पण कल्पना पाहा: ऊन म्हणजे दुष्काळासारखी आपत्ती धरली. हवामानाच्या आकड्यावर मिळणारा पीक विमा असतो, हा त्याचाच भाऊ.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१९ मध्ये अंदाज दिला होता की २०३० मध्ये भारतातले ५.८ टक्के कामाचे तास नुसत्या उष्णतेनं बुडतील, म्हणजे साडेतीन कोटींच्या आसपास पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे. तास तर बुडणारच आहेत. कोणाच्या खिशातून, तेवढंच ठरवायचं बाकी आहे.

---

इतवारी_आजी | ३ एप्रिल, सकाळी ११:३०

नवतपा लागला की काम बंद ठेवा, सोपं आहे. सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस. खिशात कांदा ठेवा. पन्हं प्या.

थर्मामीटर | ३ एप्रिल, दुपारी १२:०५

आजी, नमस्कार. नवतपा २५ मेच्या सुमारास लागतो आणि ४७.९ चा विक्रम २३ मेचा, म्हणजे त्याच्याही दोन दिवस आधीचा. ढग आले तर नवतपा गार जातो, नाही आले तर तापतो. तारीख पाहून ठरवलं तर फसू. पन्ह्यात मात्र कैरी, गूळ आणि मीठ असतं, त्यावर माझा काही आक्षेप नाही. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट. कांदा खिशात ठेवून उष्णता शोषली जात नाही. जेवणात खा.

इतवारी_आजी | ३ एप्रिल, दुपारी १२:२०

तुम्हाला लू लागली नाही कधी म्हणून बोलता.

---

कूलरपुराण | ३ एप्रिल, दुपारी ४:४०

धागा चांगला चाललाय म्हणून आमचा धंदा मध्ये घालतो. कूलर दुरुस्त करतो, त्याच्या गवताच्या ताट्या बदलतो. दरवर्षी जूनच्या शेवटी लोक फोन करतात, ‘तुमचा कूलर बिघडला, मे महिन्यात तर फर्स्टक्लास होता.’ मी सांगून दमलो की कूलर बिघडला नाही, हवा बिघडली. सरांनी जरा सांगावं.

थर्मामीटर | ३ एप्रिल, सायंकाळी ६:१५

आनंदानं. कूलर आणि घाम एकच यंत्र आहे, दोन्हीत पाणी वाळतं. कूलर हवेला एका मर्यादेपर्यंतच थंड करू शकतो: थर्मामीटरच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो, तो. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा ओला आकडा सुमारे २३ येतो. म्हणून मे महिन्यात आपला कूलर राजा. जूनच्या शेवटी ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर ओला आकडा २९ च्या वर. साधा पारा आठ अंशांनी उतरला आणि ओला पारा सहा अंशांनी चढला. पेपरात मात्र ‘नागपूरकरांना दिलासा’.

हा आकडा ३५ च्या वर गेला तर निरोगी माणूसही काही तासांत जाऊ शकतो, असं २०१० मध्ये मांडलं गेलं. नंतर पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठात तरुण निरोगी लोकांवर प्रयोग झाले, तर दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीर हार मानायला लागतं असं दिसलं, आणि तेही हलक्या हालचालीत. म्हणून गच्चीवाले, पहिला पाऊस पडून गेल्यावर जी घाई करता ना, ‘आता ऊन कमी झालं, उरका’, तेव्हाच जास्त जपा.

आणि एक. ४० च्या वरच्या हवेत नुसता पंखा लावू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो गरम हवा अंगावर आणतो. अंग ओलं केलं तर गोष्ट वेगळी. तुमच्या ओल्या चादरीनं पोरगा वाचला, एकट्या टेबलफॅननं नाही.

---

सेंट्रिंग | ४ एप्रिल, सकाळी ७:००

सिव्हिल इंजिनिअर. एक गोष्ट सांगतो, पाहा कशी वाटते. काँक्रीटसाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस ७८६१ भाग १, सन १९७५. हवा ४० अंशांच्या वर गेली की त्याला ‘उष्ण हवामानातलं काँक्रीटीकरण’ म्हणायचं आणि विशेष काळजी घ्यायची. खडीवर सावली करा, पाणी थंड वापरा, जमलं तर बर्फ टाका, ओतकाम दिवसाच्या थंड वेळेत करा, नंतर ओल्या गोणपाटानं झाका. नाहीतर तडे जातात.

मी गेली चौदा वर्षं हे सगळं साइटवर पाळतो. गोणपाट ओलं आहे का पाहायला दुपारी दोनला माणूस पाठवतो. उघड्या डोक्यानं.

---

तर्रीपोहे | ४ एप्रिल, सकाळी ७:२०

हे वाचून पोहे घशात अडकले राजा.

---

गच्चीवाला | ४ एप्रिल, रात्री ९:१०

सेंट्रिंगभाऊ, आमच्याही मालाचं तेच. तापलेल्या स्लॅबवर कोट मारला की फोड येतात, दुसऱ्या वर्षी पापुद्रा निघतो. म्हणजे दुपारचं काम मालालाही नको आहे, मी उगाच करत होतो. गिऱ्हाईकाला माणसांचं सांगितलं तर ‘हो का’ म्हणतो, फोडांचं सांगितलं की लगेच ‘सकाळीच करा हो’. आता तेच सांगणार.

ताईंच्या मुद्द्यावर विचार केला. दिवसाचे दोन तुकडे करायचे नाहीत. एकच पाळी, पहाटे पाच ते साडेअकरा, रोजी पूर्ण. नाश्ता साइटवर माझ्याकडून. जेवायला घरी एकदाच. काम थोडं कमी होईल, पाहू.

---

गच्चीवाला | १९ मे, दुपारी १:१५

धागा वर आणतो. सांगायला उशीर झाला, पण या वेळी दुपारी रिकामा आहे यावरूनच ओळखा.

दीड महिना पाच ते साडेअकरा चालवलं. आधी दीड हजार फुटांची गच्ची तीन दिवसांत व्हायची, आता चार लागतात. मेहुण्याचं तोंड वाकडं आहे. पण फोडांची एकही तक्रार नाही, पुन्हा जाऊन दुरुस्ती करावी लागली नाही, त्यात बरंच भरून निघालं. तीन नवे पोरगे घेतले. पहिला आठवडा निम्मं काम दिलं तर जुने चिडले, ‘आम्हाला कोणी दिलं होतं का असं?’ बरोबर आहे त्यांचं. मग जुन्यांना आठवड्याला एक नाश्ता माझ्याकडून सावजीत... म्हणजे नाश्ता कसला, सावजीत जाऊन रविवार झाला. कोणी पडलं नाही. डोकं दुखतं म्हणाले दोघे, त्यांना लगेच खाली पार्किंगमध्ये बसवलं, अंगावर पाणी. एक पोरगा लाजत होता, त्याला दटावून बसवावं लागलं.

अडचण वेगळीच निघाली. एका सोसायटीत पहाटे पाचला खरवडायला सुरुवात केली तर तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बनियनवर वर आले. नियम दाखवला, आठच्या आधी आवाज नाही. आठ ते साडेअकरा म्हणजे उरतं काय? शेवटी आवाजाचं खरवडकाम आठ ते दहा आणि ब्रशचं काम पाच ते आठ, असं उलटसुलट बसवलं. जिथं ते जमत नाही ते काम सोडलं. दोन सोडली.

---

मानेवाड्याची_मी | १९ मे, दुपारी ३:०५

साडेचारचा डबा गेला हे वाचून बरं वाटलं. नाश्त्यात काय देता?

गच्चीवाला | १९ मे, दुपारी ३:२०

पोहे, नाहीतर भाकरी-ताक. ताकात मीठ जास्त. ताई, तुमच्या वस्तीतल्या पत्र्यांना चुना मारायचा असेल तर उरलेला माल आहे. चुना, त्यात थोडं फेव्हिकॉल, दोन हात. दुपारी पत्र्याला आतून हात लावून पाहा, फरक हातालाच कळतो. तेलंगणानं २०२३ मध्ये अशा पांढऱ्या छपरांसाठी राज्याचं धोरणच केलं. मजुरी नको, आमचे पोट्टे रविवारी येतो म्हणतात. फक्त पहाटे.

मानेवाड्याची_मी | १९ मे, दुपारी ३:४०

पहाटे पाचला आमच्याकडे कोणी नियम दाखवणार नाही. नळ साडेचारला येतो, सगळी वस्ती जागीच असते. सात-आठ घरं आहेत, विचारून सांगते.

हिंगणा_शिफ्ट | २० मे, रात्री १:१०

आमच्या शेडच्या पत्र्याला किती चुना लागेल हो? मालक ऐकतो का पाहतो. फोडांसारखं काही सांगता येईल का त्याला, मशीन खराब होते वगैरे?

थर्मामीटर | २० मे, सकाळी ६:३०

कंट्रोल पॅनेलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सचं आयुष्य उष्णतेनं घटतं. हे खरं आहे, बेधडक सांगा. चुन्याचा अंदाज द्यायला शेडची लांबी-रुंदी कळवा.

कूलरपुराण | २० मे, सकाळी ९:००

लोकहो, कूलरचं गवत या वर्षी महाग झालंय, पण ताट्या बदलायच्या असतील तर आत्ताच बदला. जूनच्या शेवटी मला फोन करू नका.